नऊ फरश्या रुंद

फरशीवाल्याच्या बोटांवर ठसे उरलेले नाहीत, हे बँकेत गेल्यावर कळलं. खिडकीतल्या बाईंनी छोट्या यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला, त्यानं ठेवला, आणि यंत्रानं लाल दिवा दाखवला. पुसून ठेवला, दाबून ठेवला, डाव्या हाताचा ठेवला, मग एकेक करत दहाही बोटं झाली. तेवीस वर्षं सिमेंटात हात घालून बोटांची टोकं पार गुळगुळीत झाली होती. रांगेत मागं उभा असलेला एक जण म्हणाला, बाई, माणूस खरा आहे का तेवढं बघून घ्या. लोक हसले. फरशीवालाही हसला, कारण चारचौघांत न हसून जाणार कुठं, पण त्याचे कान लाल झाले होते आणि ते त्याच्या बायकोला दिसले.

शेवटी बाई म्हणाल्या, "मिसेसचं बोट बघू." मिसेसचं बोट सुईनं टोचून टोचून खरखरीत झालेलं, पण ठसा शाबूत होता. हिरवा दिवा लागला. अर्जावर पहिलं नाव तिचं गेलं आणि खाली, दुसऱ्या ओळीत, फरशीवाल्याची सही. बाहेर टपरीवर चहा घेताना तो म्हणाला, बरं झालं, आता हप्ता चुकला तर तुला धरून नेतील, मी सुटलो. ती हसली नाही. आपलं नाव आजवर कुठल्याच कागदावर पहिलं आलं नव्हतं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं.

घरात तिला सगळे धाकटी म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी मारलेली हाक. सासूबाई गेल्या, हाक राहिली. थोरली म्हणजे तिची जाऊ. थोरलीचा नवरा पाणीपुरवठ्यात पंप चालवायचा, धाकटीचा नवरा लोकांच्या घरात फरश्या बसवायचा. वाटणीत पुढचं घर थोरल्या भावाला गेलं, मागची परसबाग उभी चिरून तिचा मोठा तुकडा धाकट्याला, आणि तिथं घर बांधेपर्यंत धाकट्यानं मागच्या खोलीत राहावं असं तोंडी ठरलं. त्या 'बांधेपर्यंत'ला चौदा वर्षं झाली. एका खोलीत पलंग, शिलाई मशीन, कपड्यांचे गठ्ठे आणि आता तेरा वर्षांची झालेली लेक. लेकीनं अलीकडे दोरी बांधून जुन्या चादरीचा पडदा केला होता. स्वयंपाकघर मात्र सामाईकच, म्हणजे थोरलीचं आवरलं की मग धाकटीनं आत जायचं. थोरली वाईट नव्हती. पण धाकटीनं ओटा पुसून ठेवला तरी ती येऊन पुन्हा एकदा पुसायची, आणि चौदा वर्षं रोज बघितलं की ते फडकंसुद्धा मनाला लागतं.

बँकेचं पैसे द्यायचं तंत्र उलटं होतं. घर नाही म्हणून कर्ज काढायचं, तर ते म्हणत आधी जोतं उभं करा, आमचा माणूस येऊन मोजून जाईल, मग पहिला हप्ता सुटेल. म्हणजे पाया खणून, दगड भरून, जमिनीपासून दोन फूट वर येईपर्यंतचा सगळा खर्च आपला. धाकटीनं तिची दुसरी मशीन विकली, पडद्यांची जाड कापडं शिवायची ती. फरशीवाल्यानं दोन कामांची उचल घेतली. उरलेली मशीन काही झालं तरी विकायची नव्हती, कारण बाजारातल्या तीन कापडदुकानांचं ऑल्टरेशन धाकटी तिच्यावर करायची. कुणाची पँट आखूड, कुणाचा झगा सैल, आणि बँकेचे हप्तेही त्याच मशीनवर फिटायचे होते.

घराचा बेत फरशीवाल्यानं तिच्याच खाकी कागदावर काढला, ज्यावर ती झग्यांचे कट काढायची. तो सगळं जग फरशीत मोजायचा. दोन फूट बाय दोन फूट ही त्याची फरशी. लेक अडीच फरश्या उंच झाली म्हणायचा, रस्ता सात फरश्या रुंद म्हणायचा. तर परसातला आपला तुकडा अकरा फरश्या रुंद. कुंपणाच्या भिंतीकडून नियमाप्रमाणं दीड फरशी मोकळी सोडायची, थोरल्याच्या हद्दीकडून आपण होऊन अर्धी. राहिल्या नऊ. पाचाचा हॉल, चाराचं स्वयंपाकघर, मागं न्हाणी. बघ, तो म्हणाला, एकही फरशी कापावी लागत नाही.

या एका गोष्टीवर त्याचा फार जीव होता. जन्मभर लोकांच्या घरात तो भिंतीपाशी आला की फरशी कापायचा आणि तो तुकडा कपाटाखाली, दाराआड, जिथं कुणाची नजर जाणार नाही तिथं दडवायचा. गिऱ्हाईक खूश व्हायचं, पण त्याला तुकडा कुठं आहे ते माहीत असायचं. आपल्या घरात तुकडा नको. त्यासाठी अकरा वर्षं त्यानं प्रत्येक कामावरची उरलेली फरशी मागून आणली होती. कुठून चार, कुठून सात. लिंबाच्या झाडाशेजारी प्लॅस्टिक टाकून त्यांचा ढीग ठेवला होता. रंग कुणाचा कुणाला जुळत नव्हता. पण फरशी अख्खी होती, आणि फुकट होती.

नकाशे काढणाऱ्या माणसाला त्यानं आकडे सांगितले, अठरा फूट रुंद. त्यानं अठरा फूट लिहून नकाशा काढला, शिक्के आणले, बँकेनं मान्य केला. अठराचा आकडा बघून फरशीवाला निर्धास्त झाला.

मग चार दिवस धाकटी बाग काढत होती. घेवड्याचे वेल, भोपळ्याचा मांडव, टोमॅटोची दोन वाफे झाडं. काही झाडांना अजून हिरवी फळं होती. तिनं ती खुडून टोपलीत भरली आणि झाडं मुळासकट उपटली. मातीत टेकून टेकून तिचे गुडघे काळे झाले, नखांत माती गेली, आणि त्याच हातांनी पांढरे झगे शिवायचे म्हणून ती रोज संध्याकाळी बोटं लिंबाच्या सालीनं घासायची. वाईट वाटत होतं का? वाटत होतं. पण चौदा वर्षं दुसऱ्याच्या ओट्यावर भाजी चिरल्यावर आपल्या ओट्यासाठी चार वेल उपटणं जड जात नाही. टोपलीभर फळांतली अर्धी तिनं थोरलीला दिली.

गवंडी आला तो आठवड्याच्या सुरुवातीला. पाऊस तोंडावर होता आणि त्याच्याजवळ नऊच दिवस मोकळे होते. नंतर त्याला एका मोठ्या कामावर जायचं होतं. तो आणि फरशीवाला एकमेकांना वीस वर्षं ओळखत, पण ती ओळख मोठी मजेशीर. गवंडी ज्या घरातून भिंती उभ्या करून निघायचा त्या घरात मग फरशीवाला शिरायचा, आणि शिरताच मालकाला सांगायचा की तुमचा गवंडी काही धड नाही, खोलीचे कोपरे गुण्यात नाहीत, काटकोन चुकलाय. गवंडी कुठं भेटला की म्हणायचा, तू आधी जमीन सरळ कर. अशा माणसाला फरशीवाल्यानं आपल्या घराला बोलावलं होतं, कारण त्याच्या भिंती गुण्यात असतात हे त्याला पक्कं माहीत होतं. फक्त तोंडावर कधी म्हटलं नव्हतं.

गवंड्यानं नकाशा उलगडला, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि दोरीखालून मुठीनं पांढरी फक्की सोडत गेला. आधी बाहेरची रेघ झाली, मग आतली, मग मधल्या भिंतीच्या दोन रेघा. जमिनीवर घर उमटलं. फरशीवाल्याला राहवेना. त्यानं ढिगातून फरश्या आणल्या आणि दोन्ही खोल्यांतून मातीवरच ओळीनं मांडत निघाला. हॉलमध्ये चार बसल्या. पाचवी निम्मी भिंतीच्या रेघेवर गेली. त्यानं मागं येऊन पुन्हा मांडल्या, घट्ट भिडवून. मग स्वयंपाकघरातून मोजत आला. तिथं साडेतीन. दोन्हीकडच्या मिळून आठ. नववी हातातच राहिली.

तो नववी फरशी छातीशी धरून उभा राहिला. "मिस्त्री, नकाशा बघा. कुठंतरी चुकलंय."

"नकाशा बरोबर आहे. अठरा फूट. बाहेरून बाहेर."

"बाहेरून कशाला? मी आतून सांगितलं होतं."

गवंड्याला आधी कळेना. मग कळलं तसा तो खुंटीशेजारी मटकन बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. दोन बाहेरच्या भिंती नऊ-नऊ इंचांच्या, मधली त्यांच्या निम्मी, आणि वर गिलावा. सगळे मिळून दोन फूट झाले. ते दोन फूट फरशीवाल्यानं हिशेबात धरलेच नव्हते. तेवीस वर्षांत तो एकाही घरात भिंती उभ्या राहायच्या आधी गेला नव्हता. त्याच्या लेखी भिंत ही फरशी जिथं थांबते ती रेघ. तिला जाडी असते हे त्याला माहीत होतं, पण ती जाडी कुणाच्या जागेतून जाते हा प्रश्न कधी पडला नव्हता. "वीस वर्षं माझ्या भिंतीला नावं ठेवलीस," गवंडी डोळे पुसत म्हणाला, "आणि स्वतःचं घर काढलंस ते बिनभिंतीचं."

धाकटी मशीनवरून उठून आली. तिनं रेघा पाहिल्या, नवऱ्याच्या हातातली फरशी पाहिली आणि तिच्या चटकन ध्यानात आलं. कापड बेतताना शिवणीसाठी आत जास्तीचं सोडावं लागतं, शिवणकामात त्याला माया म्हणतात. माया न सोडता बेतलं तर झगा बेतलेल्या मापाचा होत नाही, आणि कुणाला पुढं सैल करून हवा असला तर तेही होत नाही.

"तुम्ही मायाच धरली नाही," ती म्हणाली.

गवंड्यानं उपाय सांगितले. लांबीला अडचण नव्हती, मागं जागा होती. रुंदीला मात्र दोनच वाटा होत्या. एक तर आपण होऊन सोडलेला फूटभर खायचा आणि वर थोरल्याच्या हद्दीतला एक फूट घ्यायचा. नकाशा दुरुस्त करून मिळतो, फक्त थोरल्याची कागदावर सही लागेल. नाहीतर आतली एक ओळ कमी करायची. फरशीवाला मातीवर मांडलेल्या फरश्या उचलायला लागला. धाकटी तयार कपडे घेऊन दुकानांकडे गेली, कारण त्या दिवशी द्यायचेच होते.

ती दोन तासांनी परत आली तर मधल्या भिंतीची रेघ सरकलेली होती. हॉल पुन्हा पाच फरश्यांचा झाला होता आणि स्वयंपाकघर तीनचं.

तिच्या गळ्यात टेप लटकत होता. ती स्वयंपाकघराच्या रेघांत शिरली आणि मोजायला लागली. सहा फूट. ओट्याला दोन गेले, समोरच्या भिंतीशी मशीनच्या टेबलाला दोन, राहिले दोन, त्यात खुर्ची. खुर्चीत माणूस बसलं की मागून दुसरं जाऊ शकत नाही, आणि ओट्यावर दूध तापत असेल तर त्याची वाफ पाठीला लागणार. खिडकीखाली मशीन, शेजारी कापड पसरायला जागा, हे घर काढायच्या पहिल्या दिवसापासूनचं तिचं ठरलेलं होतं. आत्ताच्या खोलीत ती पलंगावर कापड पसरून कापायची, आणि लेक अभ्यासाला बसली की उठवायची. नव्या घरातही तेच करायचं होतं तर घर कशाला हवं होतं, असं तिला वाटलं.

"कमी करायचं तर हॉल का नाही केला?" तिनं विचारलं.

"हॉल लोक बघतात."

"आणि हप्ते? तेपण लोक भरणार आहेत का?"

तो म्हणाला, स्वयंपाकघरात काय, हात पोचला म्हणजे झालं. हे बोलताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही, यावरून तिला कळलं की त्यालाही ते पटलेलं नाही. आणि भावाकडं फूट मागायच्या ज्या वाटेनं दोघांपैकी कुणाचंच काही कमी होत नव्हतं, ती वाट त्यानं तोंडातून काढलीच नाही.

तिला त्याचं कारण माहीत होतं. चार वर्षांपूर्वी थोरल्यानं पुढच्या खोलीची जमीन बदलली, आणि सख्खा भाऊ फरशीवाला असताना त्यासाठी बाहेरचा माणूस आणला. तीन दिवस तो परका माणूस पुढं ठोकत होता आणि मागच्या खोलीत फरशीवाला जेवायला बसला की घास घशाखाली उतरत नव्हता. गल्लीतले लोक विचारत, काय हो, तुम्ही नाही का बसवली? तेव्हापासून दोघे भाऊ एका छपराखाली राहून बोलत नव्हते. निरोप असायचे ते बायकांमार्फत, आणि बायका नसल्या तर लेकीमार्फत. त्या खोलीत दाराजवळच्या दोन फरश्या पोकळ बसल्या होत्या, पाय पडला की आवाज यायचा. फरशीवाला येता-जाता त्यांच्यावरच पाय देऊन जायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी थोरलीपाशी गेली. थोरली धुण्याच्या दगडावर चादर आपटत होती. तिचे हात कोपरापर्यंत साबणानं पांढरे झाले होते आणि मनगटं सुजलेली होती. धाकटीनं बादलीतून दुसरी चादर उचलून पिळायला घेतली आणि पिळता पिळता सगळं सांगितलं. थोरली ऐकत राहिली. एक फूट म्हणजे काय गं, ती म्हणाली, हा दगड जरा इकडं ओढला की झालं, तुझ्या भिंतीची सावलीच पडेल मला. धाकटीच्या मनावरचं ओझं उतरलं. त्या क्षणी तिला ते पुन्हा पुसलेले ओटे सगळे माफ होते. पण थोरलीनं पुढं म्हटलं की सही करायची ती यांनी, मी विचारते.

विचारून ती दुपारी मागच्या दारात आली, पण उंबरठ्याच्या आत आली नाही. "सही करतो म्हणाले. पण त्यानं स्वतः यायला पाहिजे. 'दादा, एक फूट दे,' एवढं तोंडानं म्हणायचं." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "अगं, त्या वेळी त्यांनी बाहेरचा माणूस आणला तो का, ठाऊक आहे? भावाकडून काम करून घेतलं तर तो पैसे घेणार नाही, आणि वाकडं झालं तर बोलता येणार नाही, म्हणून. पण हे सांगितलं कुणी? दोघांच्याही तोंडाला कुलूप."

धाकटीनं हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. तो तेव्हा गुडघ्यांना तेल चोळत बसला होता. फरशीवाल्याचे गुडघे टाचेच्या कातडीसारखे काळे आणि जाड झालेले, आता चढ चढताना त्यांतून आवाज यायचा. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाकडं होईल असं त्याला वाटलंच कसं?" त्याला चार वर्षांनी खुलासा मिळाला तो असा, आणि त्यातूनही त्यानं स्वतःला लागेल तेवढंच उचललं. धाकटीला त्याची कीव आली आणि रागही आला.

"मग जाणार नाही तुम्ही?"

"नाही. तीन फरश्यांत चालव. लोक याहून लहान स्वयंपाकघरात जन्म काढतात."

ती तेलाची वाटी उचलून उठली. "तुम्हाला दादा म्हणायचं नाही, तर नका म्हणू. पण त्याची भरपाई माझ्या स्वयंपाकघरातून का?"

 दोन दिवस दोघांत जेवढ्यास तेवढं बोलणं झालं. लेक पडद्याआडून कान देऊन होती. गवंडी मागची न्हाणी आखून, कुंपणाकडचा चर खणून घेत होता, आणि मधल्या भिंतीचं काय ते लवकर सांगा म्हणून रोज तगादा लावत होता. आकाश दुपारनंतर भरून यायचं आणि न पडताच निवळायचं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा ते पडणार हे सगळ्यांनाच दिसत होतं, आणि खणलेल्या चरात पाणी भरलं की गवंड्याचे नऊ दिवस वाया जाणार होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फरशीवाला एका घरचं अर्धवट काम उरकायला गेला. धाकटी पदर खोचून परसात आली आणि गवंड्याला म्हणाली की मधली भिंत इकडं घ्या, स्वयंपाकघर चार फरश्यांचं, हॉलही चारचा. गवंडी घुटमळला. मालकांना येऊ द्या म्हणाला.

"मिस्त्री, कर्जाच्या कागदावर पहिलं नाव कुणाचं आहे, विचारून या बँकेत."

गवंड्यानं एकदा तिच्याकडं बघितलं, मिशीत हसला आणि खुंटी उपटली. दोरीचं दुसरं टोक धाकटीनंच धरलं. दोरी इतकी ताणून धरली की बोटाला वळ उठला. फक्कीची जुनी रेघ तिनं पायानं पुसली आणि नव्या रेघेवर गवंड्यानं मूठ सोडली. हॉल आठ फुटांचा झाला. पलंग टाकला की दोन खुर्च्यांची जागा उरेल, हे तिलाही दिसत होतं. तिला त्याचं वाईट वाटत होतं, कारण नवऱ्यानं त्या हॉलच्या पाच ओळींसाठी सगळ्यांत चांगल्या फरश्या वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. पण हात थांबला नाही.

तो दहा-साडेदहाला आला. दारातूनच त्याला रेघ दिसली. धाकटी मागच्या खोलीच्या खिडकीशी मशीनवर बसली होती, पण पाय हलत नव्हते. आता ओरडेल, आता फक्की पायानं विस्कटेल, असं तिला वाटत होतं. तो रेघेपाशी जाऊन उकिडवा बसला.  मग खिडकीकडं न बघता त्यानं विचारलं, "कापावी लागेल का एखादी?"

"नाही," ती म्हणाली. "चार आणि चार."

त्यानं सदरा काढून लिंबाच्या फांदीवर टाकला, कुदळ उचलली आणि नव्या रेघेवर पहिला घाव घातला. ती बाहेर आली आणि घमेलं धरून उभी राहिली. तो खणायचा, ती माती भरून कडेला टाकायची. वरची माती बागेची, मऊ, काळी, तिच्यात घेवड्याची मुळं अजून होती. फूटभर खाली मुरूम लागला आणि कुदळ ठिणग्या उडवायला लागली. तो घामानं निथळत होता. दोघंही बोलत नव्हती, पण आता ते न बोलणं कामाचं होतं.

बाराच्या सुमाराला थोरला पंपावरची पाळी संपवून आला. मागच्या दारात उभा राहून त्यानं खणलेला चर बघितला, खुंट्या बघितल्या, आणि मनातल्या मनात अंतर मोजलं. चर त्याच्या हद्दीकडं आलेला नव्हता. फूटभर जागा जशीच्या तशी मोकळी सोडलेली होती. थोरली त्याच्या मागं ओले हात पुसत येऊन उभी राहिली.

थोरला चराच्या कडेपर्यंत आला आणि गवंड्याला म्हणाला, "मिस्त्री, ही बाहेरची खोली एवढीशीच?"

"एवढीच," गवंडी म्हणाला.

थोरल्याचा चेहरा उतरला. सही मागायला येईल म्हणून तो तीन दिवस वाट बघत होता. भाऊ घर लहान करील पण आपल्याला हाक मारणार नाही, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. तो थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "मिस्त्री, त्याला सांगा. कागद आणा म्हणावं. सही करतो. मागायला नको यायला."

चार हातांच्या अंतरावर चरात उभ्या असलेल्या फरशीवाल्याला हे ऐकू गेलंच होतं. त्यानं कुदळ टेकली आणि धाकटीकडं बघितलं, विचारल्यासारखं.  तिनं हो म्हटलं असतं तर हॉल पाच फरश्यांचा झाला असता, स्वयंपाकघर चारचं राहिलं असतं, दोघांपैकी कुणाचंच काही गेलं नसतं. पण तिनं थोरल्याच्या तोंडाकडं पाहिलं. हा फूट आज तो हळहळून देत होता. उद्या हळहळ सरेल, मग फूट तेवढा आठवेल, आणि तिची लेक म्हातारी होईपर्यंत तो मोजला जाईल. तिनं नवऱ्याकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

"राहू द्या भावजी," ती म्हणाली. "खणत आणलंय. आम्हाला पुरतंय."

 थोरलीनं हात पुन्हा पदराला पुसले, कोरडेच होते ते. थोरला चराच्या कडेला उभा राहून त्या आठ फुटांकडं बघत राहिला. आत जावं की थांबावं हे त्याला ठरवता येत नव्हतं. शेवटी त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा गवंड्यालाच विचारलं, "मिस्त्री, त्याला विचारा. एवढ्याशा खोलीत मी आलो, तर बसू कुठं?"

गवंडी निरोप पोचवायला वळला. चरात गुडघ्यापर्यंत उतरलेल्या फरशीवाल्यानं मातीच्या हातानं कपाळावरचा घाम पुसला. कपाळ काळं झालं.

"आधी ये तर खरं, दादा," तो म्हणाला.

गवंड्याचं तोंड उघडं होतं, ते त्यानं मिटलं आणि वाकून दोरी गुंडाळायला घेतली.